गालिचा, सतरंजी आणि सकाळची शिंक

मागच्या अंकात उशा-गाद्यांबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी सहज विचारलं होतं की खाली अंथरलेल्याचं काय करता, तर त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की गाद्या बिचाऱ्या मागेच पडल्या. वेळ पण बरोबर साधलीये म्हणा, पाऊस परतीला लागलाय, घटस्थापना तोंडावर आहे, घराघरात आवराआवर चाललीये. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, ज्यात इतरांच्याही कामाचं काही आहे ती पत्रं घेतलीयेत. नावं मुद्दाम गाळलीयेत, कुणाच्या सासूबाई हे सदर वाचतात तर कुणाचे घरमालक.

ताई, आम्ही ठाण्याला घोडबंदर रोडला राहतो. मुलगी सहा वर्षांची आहे, सकाळी उठली की लागोपाठ दहा-बारा शिंका, नाक चोंदलेलं, डॉक्टर म्हणतात धुळीची ॲलर्जी. हॉलमध्ये लांब केसांचा शॅगी कार्पेट आहे, मिस्टरांनी ॲनिव्हर्सरीला घेतलेला. सासूबाई म्हणतात फेकून दे, मिस्टर म्हणतात व्हॅक्युम करत जा रोज. कोणाचं ऐकू?

सासूबाईंचं ऐक, पण अर्धंच. उरलेलं अर्धं मी सांगते.

धुळीची ॲलर्जी म्हणजे आपल्याला वाटतं रस्त्यावरची धूळ, बांधकामाची धूळ, घोडबंदर रोडला तर ती आहेच म्हणा. पण सकाळी उठल्या उठल्या ज्या शिंका येतात ना, त्यांच्यामागे बऱ्याचदा धुळीतले किडे असतात, डस्ट माइट्स म्हणतात त्यांना, पाव-एक मिलिमीटरचे, डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्या अंगावरून जी त्वचेची बारीक कोंड्यासारखी पापुद्री झडते ती खाऊन ते जगतात. चावत नाहीत, रक्त पीत नाहीत. त्रास होतो तो त्यांच्या विष्ठेतून येणाऱ्या प्रोटीनचा (सकाळी सकाळी हे वाचायला लावतेय, सॉरी). आणि गंमत म्हणजे हे किडे पाणी पीतच नाहीत, हवेतला ओलावा अंगात शोषून घेतात. म्हणजे हवा दमट असेल तर त्यांची चैन, हवा कोरडी पडली, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली जाऊन काही आठवडे तशीच राहिली की ते सुकून मरतात. आता ठाणे-मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ऐंशीच्या वर असते, तेव्हा तू समज की चार महिने त्यांची आषाढी-कार्तिकी चालूच असते तुझ्या हॉलमध्ये.

पण मुलगी झोपते कुठे? हॉलमधल्या कार्पेटवर नाही ना? मग पहिला संशयित तिची गादी आणि उशी, आणि तो भला मोठा टेडी असेल तर तो पण. आठ-नऊ तास नाक ज्याच्यात खुपसलेलं असतं ते आधी बघायचं. चादरी, अभ्रे दर आठवड्याला ६० डिग्रीच्या गरम पाण्यात, मशीनला तसं बटण असतं, आणि गादी-उशीला माइट्सना आरपार जाता येणार नाही असं घट्ट विणीचं चेन असलेलं कव्हर. हे न करता नुसता कार्पेट फेकलास तर शिंका तिथल्या तिथेच राहतील आणि मिस्टर म्हणतील बघ, मी सांगत होतो.

आता कार्पेट. शॅगी हा प्रकार आपल्या हवेसाठी नाहीच असं माझं स्पष्ट मत आहे, दुकानातल्या एसीत तो छान दिसतो तिथेच राहू द्यावा. लव जेवढी लांब तेवढं खाली काय चाललंय ते कळत नाही. विश्वास नसेल तर एक कर, कार्पेटचा एक कोपरा उलटा, पांढऱ्या चादरीवर धर आणि मागून हाताने दहा वेळा थापट. जे पडेल ते बघून निर्णय होईल, मला काही बोलावं लागणार नाही. माझ्या बहिणीकडे असं केलं तेव्हा वाळू, शेवेचे तुकडे, एक कानातल्याची फिरकी आणि राखाडी पिठासारखं बरंच काही पडलं होतं, आणि तिच्याकडे बाई रोज झाडू मारते.

रोज व्हॅक्युमचं म्हणशील तर दोन गोष्टी. एक, जिवंत माइट्स पायांनी धाग्याला चिकटून बसतात, ते सहसा ओढले जात नाहीत, व्हॅक्युमने जाते ती त्यांची घाण आणि त्यांचं खाणं, तेही काही कमी नाही. दुसरं, मशीनला हेपा फिल्टर नसेल तर पुढून ओढलेली बारीक धूळ मागून परत खोलीत सोडली जाते, म्हणजे खाली शांत बसलेली होती ती तू उठवून मुलीच्या नाकापर्यंत आणलीस. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कणसुद्धा ९९.९७ टक्के अडवणारा, मशीन घेताना खोक्यावर 'हेपा टाइप' असं लिहिलेलं असेल तर ते ते नव्हे. आणि व्हॅक्युम मुलगी शाळेत गेली की कर, उडालेलं खाली बसायला अर्धा तास तरी लागतो. घाईघाईने कचरा काढल्यासारखं करायचं नाही, सावकाश, एकदा उभं एकदा आडवं.

माझा सल्ला, बेडरूममध्ये काही म्हणजे काहीच अंथरायचं नाही, हॉलमधला शॅगी काढून सोलापुरी किंवा कुठलीही सुती सतरंजी, मशीनमध्ये मावेल एवढ्या आकाराची, दर पंधरा दिवसांनी धुता येईल अशी. ॲनिव्हर्सरीचा मान राखायचा तर तो कार्पेट मिस्टरांच्या ऑफिसात जाऊ दे. आणि डॉक्टरांना विचारून स्किन प्रिक टेस्ट करून घे, ॲलर्जी नक्की माइट्सची आहे की झुरळांची की आणखी कशाची ते कळलं तर निम्मी धडपड वाचते. घरात कुणी धूप, उदबत्ती, कॉइल लावत असेल तर ते पण बघ, त्याचं खापर उगाच कार्पेटवर नको.

आम्ही मूळचे कराडजवळचे, आता पुण्यात फ्लॅट. गावी आई नवरात्राच्या आधी दसरा काढायची, सगळ्या वाकळा, घोंगड्या, जाजमं नदीवर. आता आमच्याकडे बारा बाय दहाची जाड सतरंजी आहे आणि एक घोंगडी. बाथरूममध्ये भिजवली तर उचलत नाही दोघांनाही. काय करावं?

अहो तुमच्या पत्राने मला एकदम लहानपणी नेलं. दसरा काढायचा म्हणजे बैलगाडी भरून धुणं, बायका गुडघाभर पाण्यात, दगडावर आपटल्याचा आवाज पार पलीकडच्या काठावर, आणि दुपारी वाळवंटात, झुडपांवर, बांधावर रंगीबेरंगी वाकळा पसरलेल्या. आत्ता विचार करते तर ते वर्षातून एकदा करायचे पण नेमकं करायचे बघा, पावसाळ्यात जे दमट होऊन त्यात जे काही वाढलं असेल ते सगळं पावसाळा संपता संपता धुऊन ऑक्टोबरच्या उन्हात खडखडीत. माइट्सचं नाव कुणाला माहीत नव्हतं पण वेळ बरोबर पकडलेली होती.

फ्लॅटमध्ये तुमची खरी अडचण धुण्याची नाही, वाळवण्याची आहे. तेव्हा आधी गच्चीची परवानगी काढा, मग सतरंजी भिजवा, उलटं करू नका. भिजवायची पण बाथरूममध्ये नाही, गच्चीतच, टाकीचा नळ असेल तिथे. आधी कोरडीच कठड्यावर टाकून काठीने धोपटायची, दोन्ही बाजूंनी, तोंडाला रुमाल बांधून, आणि खाली कुणाचे कपडे वाळत नाहीयेत ना ते बघून, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर फोटो यायचा. कोरडी धूळ न काढता भिजवली की तिचा चिखल होतो आणि तो निघता निघत नाही. मग फरशीवरच पसरून साबणाचं पाणी आणि लांब दांड्याचा ब्रश, नाहीतर पोरांना वर नाचायला सोडा. पाणी काढायला पिळायची नाही, वायपरने ओढायची, जसं आपण फरशीचं पाणी ओढतो तसं, एवढं पाणी निघतं की उचलता येते. नंतर दोन दोऱ्यांवर तंबूसारखी टाका म्हणजे मधून वारा जातो. सकाळी सातला सुरू केलंत तर संध्याकाळपर्यंत बऱ्यापैकी, दुसऱ्या दिवशी उलटून परत. एक ते दोन दिवसांत पूर्ण वाळली पाहिजे, त्याहून लांबलं की बुरशी धरायला लागते आणि तो कुबट वास मग दसरा गेला तरी जात नाही.

घोंगडीला हे काही करायचं नाही. ऊन दाखवा, धोपटा, झालं. गरम पाणी आणि जोरात घासणं लोकरीला चालत नाही, आटते आणि पुठ्ठ्यासारखी होते.

नाशिकहून लिहितेय. सासऱ्यांनी बनारसला नोकरीत असताना घेतलेला लोकरीचा गालिचा माळ्यावर आठ वर्षं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून होता. दिवाळीसाठी काढला तर मधे मधे टक्कल पडलंय आणि भुरकट केसाळ सालं सापडली. डांबरगोळ्या तर टाकलेल्या होत्या! धुवायला दिला तर वाचेल का? घरात सव्वा महिन्याचं बाळ आहे.

बाळ आहे म्हणताय तर आधी डांबरगोळ्यांचं. तो गालिचा घराबाहेर काढा, आत्ता, हे वाचून झाल्यावर नाही. डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन, आणि काही बाळांमध्ये जन्मतः जी-सिक्स-पी-डी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी या वासानेसुद्धा फुटायला लागतात, कावीळ वाढते. आपल्या बाळाला ती कमतरता आहे की नाही हे बहुतेकांना माहीतच नसतं. बाळाचे कपडे, दुपटी, झोळी, काहीच डांबरगोळीच्या कपाटात ठेवायचं नाही, आणि ठेवलेलं असेल तर धुऊन, दोन-तीन दिवस उन्हावाऱ्यात टाकून मगच वापरायचं. बाळ पिवळं दिसायला लागलं किंवा मलूल वाटलं तर थेट डॉक्टर, हे सदर नाही.

गोळ्या असून कीड कशी लागली, तर त्यांचा वास बंदिस्त जागेत कोंडून राहिला तरच त्यांचा उपयोग. आणि गोळी उडून जाते हो, वर्षभरात नुसती कागदाची पुडी उरते. आठ वर्षं म्हणजे पहिलं वर्ष सोडलं तर तिथे राखणदार कोणी नव्हताच.

तुम्ही जी सालं म्हणताय ती बहुधा कार्पेट बीटलच्या अळीची कात आहे. आपण सरसकट कसर लागली म्हणतो. मोठा किडा तीळाएवढा, ठिपक्याठिपक्यांचा, तो निरुपद्रवी, खिडकीशी उजेडाला येऊन बसतो, लोकर खाते ती त्याची केसाळ अळी. तिला अंधार, शांतता आणि न हलवलेली लोकर एवढंच हवं असतं, म्हणजे थोडक्यात तुमचा माळा. प्लॅस्टिकने उलट आतली ओल आतच ठेवली.

वाचेल का, तर गालिचा उलटा करून बघा. मागच्या बाजूला पुढचीच नक्षी, गाठी गाठींनी, एकेक दिसतेय? मग तो हाताने गाठी मारून विणलेला, भदोही-मिर्झापूर पट्ट्यातला असणार, बनारसहून ते जवळच, आणि तो वाचवण्यासारखा आहे. टक्कल पडलेल्या जागी परत गाठी भरणारे कारागीर असतात, गालिच्यांच्या जुन्या दुकानात चौकशी केली की पत्ता मिळतो. मागे कापड चिकटवलेलं असेल आणि झटकल्यावर पांढरी भुकटी पडत असेल तर तो टफ्टेड, म्हणजे गाठी न मारता धागे गोंदाने धरून ठेवलेला, ती भुकटी म्हणजे वाळून मेलेला गोंद, त्याच्यावर खर्च करू नका.

पहिलं काम, अंगणात कडक उन्हात उलटा पसरा, धोपटा हळू हाताने, मग दोन्ही बाजूंनी व्हॅक्युम, फिरता ब्रश काढून ठेवून, नाहीतर गोंडे त्यात गुंडाळले जातात. दिवसातून दोनदा बाजू बदला, तीन-चार दिवस. व्हॅक्युमची पिशवी लगेच बाहेर टाका. माळासुद्धा झाडून घ्या, कोपऱ्यांतून, आणि तिथे दुसरी काही लोकर असेल, स्वेटर, शाली, ती पण तपासा, कसर एका घरात थांबत नाही.

धुवायला देण्याआधी मात्र माझी गोष्ट ऐका. आमच्याकडे असाच एक होता, गडद लाल आणि मोतिया, आजेसासऱ्यांच्या वेळचा. मी जवळच्या एका लॉन्ड्रीत दिला, ते म्हणाले करतो ना मॅडम, सोफे पण करतो आम्ही. परत आला तेव्हा मोतिया रंग उरलाच नव्हता, सगळा गुलाबी, होळीच्या दुसऱ्या दिवशीच्या शर्टासारखा. चूक त्यांची म्हणा पण माझी जास्त, कारण दोन मिनिटांची परीक्षा मी केली नाही. पांढरा सुती रुमाल ओला करून प्रत्येक रंगावर, कोपऱ्यात, अर्धा मिनिट दाबून धरायचा. रुमालावर रंग उतरला तर पाणी लावायचं नाही, फक्त जाणकाराकडे. उतरला नाही तरी गार पाणी, लोकरीसाठी मिळतं ते सौम्य लिक्विड, आणि ब्लीच चुकूनही नाही, क्लोरीनच्या ब्लीचमध्ये लोकर अक्षरशः विरघळते. धुण्याचा सोडापण नाही. 'ब्लीच वापरता का' असं विचारल्यावर जो 'थोडंसं' म्हणेल त्याच्या दुकानातून उलट्या पावली परत या.

परत ठेवताना घडी नाही, गुंडाळी, आणि वर जुनी धुतलेली सुती चादर किंवा धोतर. कडुनिंबाचा पाला घालायचा तर घाला, आमच्या आजी घालायच्या, पण पाल्याच्या भरवशावर राहू नका, वर्षातून दोनदा काढून उन्हात पसरणं हाच खरा उपाय. खरं सांगू का, माळ्यावर ठेवण्यापेक्षा अंथराच, रोज पायाखालच्या गालिच्याला सहसा कसर लागत नाही.

वरणाची वाटी सांडली, कार्पेटवर. साबण लावला तर पिवळा डाग लाल झाला!! मी काहीतरी बिघडवलं का? (पिंपरी)

बिघडलं नाही काही, हळदीचा स्वभावच तो. हळदीला चुना लागला की लाल होते हे आपल्याला माहीतच आहे, धुण्याचा साबण चुन्यासारखाच अल्कली, म्हणून लाल. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून टिपलंत तर परत पिवळा होईल. आता भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब कपभर पाण्यात, कापडाने बाहेरून आत असं टिपत जा, घासू नका, तुपाचा अंश निघू दे. मग साध्या पाण्याने टिपा. जो फिकट पिवळा उरेल तो ऊन खातं, तेवढा भाग दोन-तीन दिवस उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. लोकरीचा असेल तर नुसतं टिपून घ्या आणि बाकी उन्हावर सोपवा. आणि वरण-भात टेबलावर, असं मी म्हणणार नाही, आमच्याकडेही मॅच असली की सगळे खालीच बसतात.

मुलुंडला राहतो, मांजर आहे, बोका, तीन वर्षांचा. हल्ली कार्पेटच्या एकाच कोपऱ्यात शू करतो. फिनेल टाकून पुसतो तरी दुसऱ्या दिवशी तिथेच. वासाने पाहुणे येईनासे झालेत.

फिनेल आधी बंद करा दादा. फिनाइलमध्ये फिनॉलच्या जातीची जी रसायनं असतात ती पचवायची सोय मांजराच्या लिव्हरमध्ये नाही, तो त्यावरून चालतो, मग पंजे चाटतो, झालं. अमोनियावाले क्लीनर पण नकोत, त्याचा वास बोक्याला शू सारखाच वाटतो, म्हणजे तुम्ही पुसून झाल्यावर तिथे पाटी लावल्यासारखं होतं.

आणि कार्पेटच्या आधी बोक्याला डॉक्टरकडे न्या. नीट ट्रेमध्ये करणारा बोका अचानक बाहेर करायला लागला तर लघवीच्या मार्गात खडा, जळजळ असं काहीतरी असू शकतं, आणि बोक्याची लघवी अडली तर ती तातडीची गोष्ट असते, तासांमध्ये मोजायची. ट्रेमध्ये बसून जोर करतोय आणि काहीच येत नाहीये असं दिसलं तर रात्र असो की दिवस, लगेच. नसबंदी झाली नसेल तर तो हद्द आखत असेल, तेही डॉक्टरच सांगतील.

कार्पेटसाठी पेट शॉपमध्ये एन्झाइमवालं लिक्विड मिळतं. वरवर फवारून उपयोग नाही, शू जेवढी आत मुरलीये तेवढंच आत ते गेलं पाहिजे, म्हणजे चांगलं भिजवायचं, बाटलीवर लिहिलेला वेळ तसंच ठेवायचं, मग जुन्या टॉवेलवर उभं राहून पाणी शोषून घ्यायचं आणि पंख्याखाली वाळवायचं. कोपरा उचलून खालची फरशी पण पुसा, बऱ्याचदा वास तिथून येत असतो. दोन वेळा करून वास राहिला तर त्या कार्पेटला निरोप द्या, बोक्याला नाही.

ताई, आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला भाड्याच्या घरात राहतो. इथे जिन्यापासून बेडरूमपर्यंत भिंत-टू-भिंत कार्पेट, काढताही येत नाही आणि अंथरलंय कोणी कधी देव जाणे. आई आली होती ती म्हणाली कसं राहता बाई यात. खिडकीजवळ कुबट वास येतो. घर सोडताना प्रोफेशनल क्लीनिंगची पावती द्यावीच लागेल असं घरमालक म्हणतो. खरंय का?

आईंचं बरोबर आहे, आपल्याकडे फरशी पुसल्याशिवाय घर झालं असं वाटतच नाही, आणि तिथे पुसायला फरशीच नाही. पण घाबरू नका, तुमच्याकडे एक फायदा आहे, थंडीत हीटिंग चालू असताना हवा मुंबईपेक्षा खूप कोरडी होऊ शकते. ती तशी होऊ द्यायची की नाही ते मात्र तुमच्या हातात. कुबट वासाचं कारण मी इथून सांगते, तुम्ही रेडिएटरवर कपडे वाळवता आणि थंडी म्हणून खिडकी उघडत नाही, बरोबर? तेवढं सगळं पाणी हवेत जातं, गार काचेवर जमतं आणि खाली ओघळून कार्पेटमध्ये, त्याच्या खालच्या अंडरलेमध्ये मुरतं. वरून कितीही परफ्यूम पावडर टाका. सकाळी दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडा, हुडहुडी भरली तरी, स्वयंपाक-आंघोळीच्या वेळी एक्झॉस्ट चालू, सकाळी काचेवरचं पाणी कापडाने टिपून घ्या, आणि कपडे वाळवायचे तर एकाच खोलीत दार लावून, डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढणारं मशीन, घेऊन. त्या खिडकीपाशी कार्पेटचा कोपरा उचलून बघता आला तर बघा, काळे ठिपके असतील तर घरमालकाला लगेच फोटो आणि ईमेल, म्हणजे उद्या ते तुमच्या नावावर येत नाही.

सुपरमार्केटमधून कार्पेट धुवायचं मशीन भाड्यानं मिळतं तुमच्याकडे, ते वापरा पण उन्हाळ्यात, खिडक्या उघड्या ठेवता येतील अशा दिवशी. सगळे साबण जास्त घालतात आणि पाणी कमी ओढतात. साबण कमी, आणि पाणी सोडायचं बटण दाबलेल्या प्रत्येक फेरीमागे न दाबता तीन फेऱ्या. साबण आत राहिला की कार्पेट चिकट होतो आणि महिन्याभरात होता त्यापेक्षा जास्त मळतो.

पावतीचं, इंग्लंडमध्ये १ जून २०१९ पासून टेनंट फीज ॲक्ट लागू आहे, त्यानुसार प्रोफेशनल क्लीनिंगचे पैसे भरण्याची सक्ती घरमालक करू शकत नाही. घर मिळालं तेव्हा होतं तेवढं स्वच्छ परत द्यायचं, झीज सोडून. त्यासाठी आत गेलात त्या दिवशीचे फोटो आणि इन्व्हेंटरी, म्हणजे घरात काय काय आणि कशा अवस्थेत होतं त्याची यादी, लागते. काढले असतील ना फोटो?

व्हॉट्सॲपवर आलंय, कार्पेटवर बेकिंग सोडा रात्रभर टाकला की सगळे जंतू मरतात. खरं का? (नागपूर)

नाही. वास थोडा कमी होतो, एवढंच. माइट्स मरत नाहीत, आणि ती बारीक पावडर व्हॅक्युमच्या फिल्टरमध्ये बसून मशीन मात्र मरतं. नागपूरला मे महिन्यात तुमच्या गच्चीवर जे फुकट मिळतं त्याच्यापुढे सोडा काय करणार!

मडगावहून. पावसात गालिचा कसा सांभाळायचा?

अंथरायचा नाही. मृग लागला की गुंडाळून, चादरीत बांधून, एसी असलेल्या खोलीत पलंगावर किंवा कपाटाच्या वर, जमिनीवर नको, आणि एसी मधून मधून ड्राय मोडवर लावायचा. दसऱ्याला बाहेर.

मी संभाजीनगरच्या एका गणेश मंडळाचा कार्यकर्ता. मंडळाच्या बावीस सतरंज्या आहेत, विसर्जनानंतर पत्र्याच्या खोलीत जातात त्या थेट पुढच्या वर्षी निघतात. यंदा आरतीला बसलेल्या लोकांना अंगाला खाज सुटली, एका आजींना दम लागला. अध्यक्ष म्हणतात नवीन घेऊ. नवीन घेण्याइतका फंड नाही. काही करता येईल का?

हे पत्र मला सगळ्यात आवडलं. सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता म्हणून लोक हिणवतात, पण त्या धुवायच्या कशा असं विचारणारा मी पहिलाच पाहिला.

बावीस सतरंज्या, अनंत चतुर्दशीला, म्हणजे पावसातच, ओल्या गुलालासकट, सांडलेल्या प्रसादासकट, पायांच्या चिखलासकट घडी घालून पत्र्याच्या खोलीत. वर पत्रा, आत वाफ. वर्षभर तिथे काय काय वाढलं असेल, बुरशी, माइट्स, झुरळं, उंदरांची लेंडी, आणि मग पहिल्या दिवशी चौघांनी त्या मांडवात झटकायच्या आणि लगेच त्यावर आजी-आजोबांना मांडी घालून बसवायचं. दम लागणार नाहीतर काय.

नवीन घेऊ नका, नवीन पण त्याच खोलीत जाणार आहेत. सुती आहेत ना? मग त्यांच्यासारखं चिवट काही नाही. शहरात हॉस्पिटलच्या, हॉटेलच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या लॉन्ड्री असतात, त्यांच्याकडे गरम पाण्याची मोठी मशिन्स असतात, एकगठ्ठा रेट विचारा, बावीस नव्याच्या मानाने अगदीच कमी पडेल. ते नाही जमलं तर शेतावर, विहिरीची मोटर चालू करून, एक रविवार. आधी झटकणं, मग पाणी, ते वर पुण्याच्या पत्रात लिहिलंय तसंच. वाळल्या की नाही ते हाताला कळत नाही, वरून कोरड्या वाटतात, घडी घालून दोन तासांनी मधे हात घाला, गार लागला तर अजून ओल्या आहेत. ज्यांच्यावर काळे ठिपके धरलेत आणि धुऊनही वास येतोय त्या बाजूला काढा, त्या मंडपाच्या मागे सामानाखाली चालतील, माणसांखाली नकोत.

खोलीत जमिनीवर विटा, विटांवर फळी, फळीवर गठ्ठे, भिंतीपासून वीतभर लांब. प्लॅस्टिकची ताडपत्री गुंडाळू नका, जुनं मांडवाचं कापड चालेल. आणि वर्षातून तीनदा तरी बाहेर काढा, शिवजयंती, गुढीपाडवा आणि पावसाच्या तोंडावर एकदा, अर्धा दिवस ऊन, परत आत. गणपतीच्या आठ दिवस आधी मैदानात धोपटून घ्यायच्या, मांडवात नाही. धोपटायला पोरं बोलवाल तेव्हा फोन करू नका, फोनवर सगळे येतो म्हणतात. वडापावची ऑर्डर दिल्याचा फोटो ग्रुपवर टाका.